घोड्याच्या मानेपासून माणसाच्या कंबरेपर्यंत : मणक्यातील रोपणांचा इतिहास (धागा)

१/
२००० सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत एका सव्वीस वर्षांच्या घोड्याला शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली. घोडा साधा नव्हता. त्याचे नाव सिॲटल स्लू. १९७७ साली केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही मानाच्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या आणि तोवर तो एकाही शर्यतीत हरलेला नव्हता. आता मात्र मानेच्या मणक्यांतील संधिवातामुळे त्याच्या मज्जारज्जूवर दाब येत होता आणि पावले अडखळत होती. शल्यचिकित्सकांनी त्याच्या दोन मणक्यांच्या मध्ये धातूची एक सच्छिद्र नळी बसवली.

२/
त्याच नळीची भावंडे तोपर्यंत हजारो माणसांच्या कंबरेत जाऊन बसली होती. घोड्यासाठी घडलेले साधन माणसाच्या कंबरदुखीवरचा उपाय कसे झाले? हातभर चिरा घेऊन होणारी शस्त्रक्रिया बोटभर छिद्रांतून कशी होऊ लागली? आणि छेद इतका लहान झाल्यावर दुखणेही तितकेच लहान झाले का? या तीन प्रश्नांचा हा इतिहास.

३/
दुखणे मानवजातीइतके जुने आहे. उसण भरणे, कंबर धरणे, पाठ लचकणे असे शब्द मराठीत घरोघरी आहेत. कंबरेपासून पायापर्यंत उतरणाऱ्या कळेला आयुर्वेदाने ‘गृध्रसी’ हे नाव दिले. गृध्र म्हणजे गिधाड, आणि या रोग्याची चाल गिधाडासारखी होते, असा त्या नावाचा अर्थ सांगितला जातो. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये तिची गणना आहे. २०१५ साली जगातील सुमारे ५४ कोटी लोक कंबरदुखीने त्रस्त होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला.

४/
प्राचीन इजिप्तच्या एका शल्यग्रंथात मणक्यांच्या दुखापती नोंदल्या आहेत. एडविन स्मिथ पपायरस या नावाने तो ओळखला जातो. त्यात ४८ रुग्णप्रकरणे आहेत. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाविषयी त्यातील निर्णय स्पष्ट आहे : या व्याधीवर उपचार करू नये. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत रुग्णाला फळीवर बांधून ताण देण्याची पद्धत होती. त्यानंतरची अनेक शतके पाठीवर उपचार झाले ते बाहेरूनच : शेक, लेप, मर्दन आणि विश्रांती.

५/
१७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने सायटिकावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पायात उतरणारी ही कळ सांध्याची नसून चेतातंतूची असू शकते, हे त्याने मांडले. दुखणे कुठे जाणवते आणि त्याचे मूळ कुठे असते, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, ही जाणीव या इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा शस्त्रक्रियाही चुकल्या.

६/
मणक्यात धातू प्रथम आला तो तारेच्या रूपात. १८९१ साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे बर्थोल्ड हाड्रा या शल्यचिकित्सकाने मानेचे मणके मोडलेल्या रुग्णाच्या मणक्यांची मागील टोके चांदीच्या तारेने एकमेकांना बांधली. क्ष-किरणांचा शोध अजून चार वर्षे दूर होता, त्यामुळे आतील हाडे दाखवणारे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते. हाताने चाचपून आणि शरीररचनेच्या ज्ञानावर भिस्त ठेवून त्याने हे काम केले.

७/
पुढची पायरी क्षयरोगाने घडवली. क्षयाचे जंतू मणका पोखरतात, पोखरलेला मणका ढासळतो आणि पाठीला कुबड येते. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून या रोगाला पॉटचा रोग म्हणतात. भारतात मणक्याचा क्षय आजही दुर्मीळ नाही. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात मुले महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे प्लास्टरच्या कवचात पडून असत.

८/
१९११ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेड अल्बी आणि रसेल हिब्स या दोघांनी एकाच प्रश्नाला स्वतंत्रपणे उत्तर दिले. रोगट मणके हलतात म्हणून दुखतात आणि ढासळतात, तर ते एकमेकांशी कायमचे जोडून टाकावेत. अल्बीने नडगीच्या हाडाची पट्टी काढून मणक्यांत बसवली. हिब्सने मणक्यांच्याच हाडाचे कपचे उलटवून त्यांचा सांधा केला. हाडाला हाड मिळाले की दोन मणक्यांचा एक मणका होतो. यालाच पुढे ‘फ्यूजन’ हे नाव रूढ झाले.

९/
मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. फ्यूजनचा जन्म कंबरदुखीसाठी झालेला नव्हता. ढासळणारा मणका थोपवण्यासाठी तो झाला होता. तिथे कारण दिसत होते, धोका दिसत होता आणि लाभही दिसत होता. पुढच्या काही दशकांत तोच उपाय अशा पाठींवर होऊ लागला, जिथे काहीही ढासळत नव्हते, पाठ फक्त दुखत होती.

१०/
या बदलामागे १९३४ सालचा एक लेख आहे. बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी तो लिहिला. तोवर मज्जारज्जूजवळ सापडणाऱ्या कूर्चेच्या गाठींना डॉक्टर अर्बुद समजत. या दोघांनी जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यातील पुष्कळशा ‘गाठी’ म्हणजे दोन मणक्यांमधील गादीचा बाहेर आलेला तुकडा निघाला. तो काढल्यावर पायातील कळ थांबत होती. सायटिकाचे एक ठोस, हाताने काढता येईल असे कारण प्रथमच सापडले होते.

११/
शोध खरा होता, पण त्याचा अर्थ गरजेपेक्षा फार ताणला गेला. पायात उतरणाऱ्या कळेचे स्पष्टीकरण हळूहळू साऱ्याच कंबरदुखीला लावले जाऊ लागले. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आहे’ ही आज गल्लीतल्या प्रत्येक घरात ऐकू येणारी वाक्ये त्या लेखाचीच दूरची नातवंडे आहेत.

१२/
फ्यूजनची एक मोठी अडचण होती : हाड जुळेपर्यंत मणके स्थिर ठेवायचे कसे? १९४० च्या दशकात डॉन किंग याने मणक्यांच्या मागील छोट्या सांध्यांतून स्क्रू घालून पाहिले. ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन याने पोलिओमुळे वाकड्या झालेल्या मुलांच्या कण्यासाठी पोलादी सळया आणि आकडे तयार केले. त्याने १९६२ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. सळई कण्याला आधार देई, पण मणक्याच्या मुख्य भागावर तिची घट्ट पकड नव्हती.

१३/
ती पकड पॅरिसने दिली. १९६३ साली रेमंड रॉय-कामीय याने मणक्याच्या देठातून स्क्रू आरपार नेला. मणक्याचा पुढचा भरीव भाग आणि मागची कमान यांना जोडणारा हाडाचा आखूड पूल म्हणजे पेडिकल, म्हणजेच हा देठ. कंबरेत त्याची जाडी साधारण करंगळीएवढी असते. आतल्या बाजूला चेतातंतूंचा जुडगा, खालच्या बाजूला बाहेर पडणारा तंतू. काही मिलिमीटर चुकले तर पाय लुळा पडण्याची भीती. नेम साधला, तर मात्र मणका पुढपासून मागपर्यंत पकडीत येतो. आजच्या बहुतेक सर्व कंबरेच्या रोपणांचा पाया हाच स्क्रू आहे.

१४/
धातूचा प्रश्न स्वीडनमध्ये सुटला, तोही वेगळ्याच वाटेने. पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होता. त्यासाठी त्याने टायटॅनियमची नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेला, तर ती निघेना. हाड धातूला चिकटून वाढले होते. या निरीक्षणातून आधी दातांची रोपणे आली. मणक्यातही टायटॅनियमने हळूहळू पोलादाची जागा घेतली.

१५/
आता किमतीकडे वळावे लागते. देठातील स्क्रूपर्यंत पोहोचण्यासाठी पाठीच्या मध्यावर लांब चिरा घेऊन कण्यालगतचे स्नायू हाडापासून सोलून बाजूला ओढावे लागत. पोलादी चिमट्यांच्या दाबाखाली ते तासन्‌तास राहत. १९९० च्या दशकात जपान आणि फिनलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की या दाबाने स्नायूंना इजा होते आणि त्यांचे चेतातंतूही तुटतात. ज्या स्नायूंनी पाठ तोलून धरायची, तेच शस्त्रक्रियेत दुबळे होत. हाड जुळे, क्ष-किरणचित्र सुंदर दिसे, आणि रुग्ण मात्र दुखते असेच म्हणे.

१६/
छेद टाळण्याचा सर्वांत विलक्षण प्रयत्न पपईने केला. मटण मऊ शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात, ते तिच्यातील विकरांमुळे. १९५६ मध्ये लुईस थॉमस याने पपईतील विकर सशांना टोचले, तेव्हा त्यांचे ताठ कान लोंबू लागले, कारण कानातील कूर्चा विरघळली होती. हे वाचून लायमन स्मिथ या अमेरिकी शल्यचिकित्सकाने विचार केला की सरकलेली गादीही कूर्चासदृश आहे. १९६३ साली त्याने कायमोपपेन हे विकर सुईने माणसाच्या गादीत सोडले.

१७/
१९८२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. त्यानंतर तीव्र ॲलर्जीचे आणि मज्जारज्जूला इजा झाल्याचे प्रसंग समोर आले. विश्वास ओसरला आणि या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्याची विक्री थांबली. औषध गेले, पण चिरा न घेता सुईने गादीपर्यंत पोहोचता येते, हा धडा राहिला.

१८/
आता पुन्हा घोड्यांकडे. जातिवंत शर्यतीच्या घोड्यांत ‘वॉब्लर’ नावाचा विकार आढळतो. मानेत मज्जारज्जू दाबला जातो आणि घोडा झोकांड्या खातो. असे घोडे बहुधा मारून टाकले जात. वॉशिंग्टन राज्यातील अस्थिशल्यचिकित्सक जॉर्ज बॅग्बी आणि तेथील विद्यापीठाचे पशुवैद्य यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यावर फ्यूजन करायचे ठरवले.

१९/
माणसात त्यासाठी रुग्णाच्या कटिअस्थीतून हाडाचा तुकडा काढत, आणि तिथली जखम कित्येकदा मूळ दुखण्यापेक्षा जास्त सतावे. बॅग्बीने पोलादाची भोके असलेली टोपलीच केली. मणक्यांत भोक पाडताना निघालेला हाडाचा चुरा त्याच टोपलीत भरला आणि ती दोन मणक्यांत ठोकून बसवली. भोकांतून हाड आरपार वाढले. अडखळणारे घोडे सावरू लागले, काही तर पुन्हा धावले.

२०/
मिनेसोटाच्या स्टीफन कुस्लिक याच्यासह बॅग्बीने याच टोपलीला आटे पाडून ती टायटॅनियमची केली. १९९२ मध्ये ती माणसात बसवण्यास सुरुवात झाली आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ‘केज’ म्हणजे पिंजरा हा शब्द तेव्हापासून मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुळला. आकार बदलले, द्रव्ये बदलली, पण गादीच्या जागी आज बसणारा प्रत्येक पिंजरा त्या टोपलीचा वंशज आहे.

२१/
त्याच सुमारास बर्लिनच्या भिंतीपलीकडे वेगळाच विचार चालू होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या कारिन यान्झ हिने जिम्नॅस्टिक्समध्ये दोन सुवर्णपदके मिळवली होती. पुढे ती शल्यचिकित्सक झाली. पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कुर्ट शेलनाक यांच्यासह तिने कृत्रिम गादी घडवली : धातूच्या दोन चकत्या आणि मध्ये सरकणारा प्लास्टिकचा गाभा. १९८४ मध्ये ती प्रथम बसवली गेली. जिचे सारे तारुण्य लवचिक पाठीवर उभे होते, तिने मणके जोडून ताठ करण्याऐवजी हलते ठेवण्याचा मार्ग शोधावा, यात एक संगती आहे.

२२/
आरंभीच्या आवृत्त्यांत चकत्या सरकल्या, मोडल्या. १९८७ ची तिसरी आवृत्ती टिकली. अमेरिकेत तिला मान्यता मिळायला २००४ साल उजाडले. ती बसवायची तर पोटाकडून, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून जावे लागे. गादी हलती राहिली, पण वाट काही लहान झाली नाही. फ्यूजनची जागा ती घेऊ शकली नाही.

२३/
वाट लहान करण्याचे श्रेय अनेकांकडे जाते. १९७७ साली स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ मागेर्ल याने त्वचेतील बारीक छिद्रांतून देठात स्क्रू बसवले आणि सळया शरीराबाहेरच जोडल्या. स्नायू शाबूत राहिले, पण रुग्णाच्या पाठीतून धातू बाहेर डोकावे आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार राही. पुढे पट्ट्या त्वचेखाली ठेवण्याचे प्रयोग झाले. सळई स्नायूंच्या खाली, हाडालगत कशी न्यायची, हा पेच उरला.

२४/
फिलाडेल्फियात परविझ कॅम्बिन याने १९७० च्या दशकापासून पाठीच्या बाजूने गादीत नळी सरकवण्याचा मार्ग अभ्यासला. बाहेर पडणारा चेतातंतू, खालचा मणका आणि आतील आवरण यांच्या मध्ये एक छोटा त्रिकोण मोकळा असतो. त्यातून गेले तर तंतूला धक्का न लावता गादी गाठता येते. शरीररचनेच्या पुस्तकात त्या जागेला आज ‘कॅम्बिनचा त्रिकोण’ म्हणतात. १९९७ मध्ये अमेरिकेतच केव्हिन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी स्नायू न कापता, एकात एक बसणाऱ्या नळ्यांनी ते हळूहळू फाकवून दुर्बिणीने काम करण्याची पद्धत मांडली.

२५/
सळईचा पेच फोलीनेच २००१ मध्ये सोडवला. आधी पोकळ सुई क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत देठात जाते. ही सुई मुळात अस्थिमज्जा तपासण्यासाठी बनलेली. तिच्यातून बारीक तार, तारेवरून पोकळ स्क्रू. प्रत्येक स्क्रूला जोडलेला लांब दांडा त्वचेबाहेर येतो. हे दांडे एकत्र जुळवले की एका कमानीचे केंद्र ठरते, आणि कमानीवर फिरणारी वाकडी सळई स्नायूंच्या आतून अचूक स्क्रूंच्या डोक्यांत जाऊन बसते. उपकरणाचे रूप खलाशांच्या कोनमापकासारखे, म्हणून त्याला त्याचेच नाव मिळाले : सेक्सटंट.

२६/
लाभ खरे होते. रक्त कमी जाते, रुग्णालयातील मुक्काम कमी होतो, आरंभीच्या दिवसांतील वेदना कमी असतात. किंमतही होती. डोळ्यांना दिसत नाही ते क्ष-किरणांनी पाहावे लागते, त्यामुळे शल्यचिकित्सक आणि त्यांचे सहकारी अधिक किरणोत्सर्ग झेलतात. आणि वर्ष-दोन वर्षांनी जुन्या पद्धतीचे व नव्या पद्धतीचे रुग्ण शेजारी ठेवले, तर बहुतेक तुलनांमध्ये त्यांच्या दुखण्यात फारसा फरक दिसत नाही. वाट सुधारली होती, मुक्काम तोच होता.

२७/
मग मुक्कामाबद्दलच प्रश्न उभे राहिले. १९९३ च्या अखेरीस अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने उघड केले की देठातील स्क्रूंना या वापरासाठी शासकीय मान्यताच नव्हती. हजारो रुग्णांनी खटले भरले. एका उत्पादकाने १० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दुसरे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात हेच स्क्रू हातापायांच्या लांब हाडांसाठी म्हणून मंजूर करून घेतले गेल्याचे नोंदले आहे. २००१ मध्ये निकाल मात्र रुग्णांच्या विरुद्ध लागला. त्याआधी १९९८ मध्ये प्रशासनाने पुरावे तपासून काही ठरावीक विकारांसाठी स्क्रूंना रीतसर वर्गवारी दिली होती.

२८/
१९९४ मध्ये दुसरा धक्का बसला. कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ लोकांच्या पाठीचे एमआरआय काढले गेले. त्यातील ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली, २७ टक्क्यांची पुढे आलेली. सर्व गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे ज्या चित्राकडे बोट दाखवून ‘हे पाहा दुखण्याचे कारण’ असे सांगितले जाई, तेच चित्र ठणठणीत माणसांतही मिळत होते. कोतुन्योच्या काळचा प्रश्न २३० वर्षांनी नव्या यंत्रासह परतला होता.

२९/
त्यानंतर फ्यूजनची परीक्षा झाली. स्वीडनमध्ये २९४ रुग्णांच्या अभ्यासात (२००१) शस्त्रक्रिया झालेल्यांची कंबरदुखी ३३ टक्क्यांनी घटली, इतरांची ७ टक्क्यांनी. फ्यूजनचा विजय झाला असे वाटले. पण ‘इतरां’ना नेहमीचेच विस्कळीत उपचार मिळाले होते. नॉर्वेत (२००३) ६४ रुग्णांपैकी निम्म्यांना नीट आखलेला व्यायाम दिला आणि हालचालीची भीती घालवणारे समुपदेशन केले, तेव्हा दोन्ही गट बरोबरीत आले. ब्रिटनमध्ये (२००५) ३४९ रुग्णांत फरक इतका किरकोळ निघाला की शस्त्रक्रियेचा धोका व खर्च त्याने भरून निघेना.

३०/
सर्वांत धारदार परीक्षा सिमेंटची झाली. फ्रान्समधील आमियां येथे १९८४ साली गालिबेर आणि देरामों यांनी पोखरलेल्या मणक्यात सुईने अस्थिसिमेंट भरले होते. ठिसूळ हाडे मोडलेल्या वृद्धांसाठी हा उपाय जगभर पसरला. रुग्ण टेबलावरून उठताच बरे वाटते म्हणत. २००९ मध्ये दोन अभ्यासांत निम्म्या रुग्णांना लुटुपुटीची प्रक्रिया दिली गेली. भूल खरी, सुई टोचणे खरे, खोलीत सिमेंटचा वासही खरा. मणक्यात सिमेंट मात्र गेले नाही.

३१/
दोन्ही गटांना जवळजवळ सारखेच बरे वाटले. शल्यचिकित्सकांमध्ये वादळ उठले. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील आणखी एका अभ्यासाने मणका मोडल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, तीव्र वेदना असलेल्या रुग्णांना सिमेंटचा लाभ होतो असे दाखवले. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण लहान छेदाच्या उपायांनाही लुटुपुटीच्या उपायाशी तोलून पाहिले पाहिजे, हा दंडक तेव्हापासून दुर्लक्षिता येत नाही.

३२/
मज्जारज्जूला विजेचे सौम्य झटके देणाऱ्या रोपणाची कथाही अशीच. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि वातरक्तावर वीज सोडणारा टॉर्पेडो मासा लावण्यास सांगे. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी वेदनेच्या ‘दाराचा’ सिद्धान्त मांडला. दोनच वर्षांनी नॉर्मन शीली याने पहिले विद्युत-रोपण बसवले. आज ते सुईतून बसते. तरीही २०२२ मध्ये नॉर्वेतील ५० रुग्णांत एका प्रकारचे हे यंत्र चालू असताना आणि बंद असताना पडताळले, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही.

३३/
म्हणून ही सारी रोपणे निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. मोडलेला अस्थिर मणका, क्षयाने पोखरलेला कणा, अर्बुद, वाढत जाणारा बाक, मणका घसरून दबलेला तंतू अशा ठिकाणी स्क्रू आणि पिंजरे माणसाला पुन्हा चालते करतात. तिथेही प्रश्न शिल्लक असतात. २०१६ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात घसरलेल्या मणक्यांवर दोन अभ्यास आले. अमेरिकी अभ्यासात दाब काढण्याच्या शस्त्रक्रियेला फ्यूजनची जोड दिल्याने थोडा लाभ दिसला, स्वीडिश अभ्यासात काहीच दिसला नाही.

३४/
या शतकभराच्या प्रवासात दोन गोष्टी वेगवेगळ्या गतीने वाढल्या. ‘कसे पोहोचायचे’ हे ज्ञान हाड्राच्या चांदीच्या तारेपासून फोलीच्या कमानीपर्यंत झपाट्याने पुढे गेले. ‘कोणाच्या पाठीत पोहोचायचे’ हे ज्ञान त्याच्या मागे रखडत आले. छेद मोठा होता तेव्हा त्याची भीतीच रुग्णाला आणि डॉक्टरला थोडा विचार करायला लावी. छेद लहान झाला तशी ती भीती सरली, आणि विचार करण्याची जबाबदारी वाढली. विशिष्ट कारण सापडत नसलेल्या कंबरदुखीत हालचाल, व्यायाम आणि समजावणे यांना अग्रक्रम द्यावा, असेच २०१८ च्या ‘लॅन्सेट’ लेखमालेने सांगितले.

३५/
सिॲटल स्लू त्या शस्त्रक्रियेनंतर सावरला. २००२ च्या मार्चमध्ये त्याच्यावर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी ७ मे रोजी तो झोपेत गेला. केंटकी डर्बी जिंकून त्याला त्या दिवशी बरोबर २५ वर्षे झाली होती. बॅग्बीच्या टोपलीने त्याला बरे केले, कारण त्याचे दुखणे नेमके कुठे आहे, हे त्याच्या अडखळत्या पावलांनी आधीच दाखवून दिले होते. माणसाच्या कंबरेत ते इतक्या सहज दिसत नाही. टोपली आज तिथेही पोहोचते, पण तिथपर्यंत न्यावी की नाही, हे प्रत्येक रुग्णागणिक नव्याने ठरवावे लागते.

(धागा समाप्त)